घानातील हिवताप आणि फोल्डरवरचे माझे नाव

घानातील टेमा या बंदराच्या शहरात नोकरीला लागून मला पाचवा आठवडा चालू होता, तेव्हा एका संध्याकाळी हुडहुडी भरून ताप चढला. मी मूळचा पुण्याचा. हिवताप माझ्या ओळखीचा होता, आणि कारखान्यातील घानाचे सहकारी तर त्याच्याविषयी पडशाइतक्या सहजपणे बोलत असत. त्यामुळे पॅरासिटामॉलच्या गोळ्या घेऊन मी दोन दिवस दुखणे अंगावर काढले. आपल्याकडे हिवतापात व्हायवॅक्स या जातीच्या परजीवीचा वाटा मोठा असतो. घानात मात्र जवळजवळ सगळा हिवताप फाल्सिपेरम या दुसऱ्या जातीचा, म्हणजे वेळेवर औषध न मिळाल्यास मेंदूपर्यंत जाऊ शकणारा असतो. तेथील प्रौढांना लहानपणापासूनच्या संसर्गांमुळे थोडीफार प्रतिकारशक्ती आलेली असते, म्हणून त्यांना थोडी दिरंगाई खपून जाते. नवख्या माणसाला ती खपत नाही.

तिसऱ्या दिवशी पहाटे फोरमनने मला गाडीत घालून एका सरकारी रुग्णालयात नेले. तेथे सगळ्यात आधी फोल्डर काढावे लागते. फोल्डर म्हणजे क्रमांक घातलेली कागदी फाइल. ती हातात पडेपर्यंत रक्तदाब मोजणेही सुरू होत नाही. खिडकीवरच्या बाईंनी माझा पासपोर्ट पाहिला आणि माझ्या नावापुढे असलेले वडिलांचे नाव हेच आडनाव समजून त्याच नावाने फोल्डर उघडले. प्रयोगशाळेने मात्र चिठ्ठी खऱ्या आडनावाने तयार केली. बोटातून रक्त घेऊन केलेल्या तपासणीचा निकाल पाऊण तासात हाती आला, पण तो माझाच आहे हे पटवण्यात पुढचा तास गेला. स्वतःचे, वडिलांचे आणि घराण्याचे असे तिहेरी नाव आपण का लावतो, हे ताप अंगात असताना समजावून सांगणे सोपे नसते. शेवटी एका सिस्टरने (हा शब्द तेथेही आपल्यासारखाच वापरतात) दोन्ही नावे पेनाने फोल्डरवर लिहिली आणि ते स्वतः उचलून डॉक्टरांकडे नेले.

दुसरी अडचण पैशांची होती. घानात 2003 च्या कायद्याने राष्ट्रीय आरोग्य विमा योजना आली. त्याआधी तेथे ‘कॅश अँड कॅरी’ होते, म्हणजे आधी पैसे, मग उपचार. योजनेचा मोठा भाग वस्तू-सेवांवरच्या अडीच टक्के अधिभारातून चालतो, आणि पगारातून सामाजिक सुरक्षा निधीची वर्गणी कापली जात असल्यास वेगळा हप्ता भरावा लागत नाही. माझी वर्गणी कापली जात होती, नोंदणीही झाली होती. पण नव्या सदस्याने महिनाभर थांबायचे असते आणि माझा महिना पुरा व्हायचा होता. त्यामुळे मला जुन्याच पद्धतीने प्रत्येक खिडकीवर सेडी (घानाचे चलन) मोजावे लागले, आणि एक औषध तर रुग्णालयात शिल्लक नसल्याने फोरमनने बाहेरच्या दुकानातून आणले.

उपचार मात्र नेमका होता. मला उलट्या होत नव्हत्या आणि शुद्ध चांगली होती, म्हणून डॉक्टरांनी शिरेतून द्यायचे आर्टेसुनेट टाळून आर्टिमेथर-ल्युमेफँट्रिनच्या गोळ्या दिल्या : एका वेळी 4, दिवसातून दोनदा, तीन दिवस, दुसरा डोस पहिल्यानंतर बरोबर 8 तासांनी. गोळ्या रिकाम्या पोटी घ्यायच्या नाहीत, दूध किंवा स्निग्ध पदार्थांसोबत घ्यायच्या, कारण त्याशिवाय औषध नीट शोषले जात नाही, हे त्यांनी दोनदा बजावले. मी पुण्याचा आहे हे कळल्यावर ते हसले. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होणाऱ्या आर-21 या हिवतापाच्या लशीला जगात सर्वप्रथम, एप्रिल 2023 मध्ये, मान्यता दिली ती घानाने. मात्र ती लस लहान मुलांसाठी असल्याने माझ्या काही कामाची नव्हती.

ताप दुसऱ्या दिवशी उतरला, तरी अशक्तपणा आठवडाभर टिकला. फेरतपासणीला गेलो तेव्हा त्याच खिडकीवर मी फोल्डरचा क्रमांक सांगितला, आणि नाव विचारताच न थांबता दोन्ही सांगितली. माझा विमा लागू झाला, तेव्हा मला बरे होऊन नऊ दिवस लोटले होते.