नऊ मोठा की दहा?

पावती नंबर ९९९९ पर्यंत सगळं गुण्यागोविंदाने चाललं होतं. नवीन पावती आली की क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, पावती नंबरच्या कॉलममधला सगळ्यात मोठा नंबर काढणार, त्यात एक मिळवणार, झालं. दहा हजारावी पण निघाली बरं का. पुढची काढायला गेलो तर डुप्लिकेटची एरर, परत ट्राय केलं परत तीच, बघतो तर मॅक्स, म्हणजे तो सगळ्यात मोठा नंबर शोधणारं फंक्शन, अजून ९९९९ लाच धरून बसलंय आणि दरवेळी त्यात एक मिळवून तोच दहा हजार पुढे करतंय.

तासभर स्वतःचं लॉजिक तपासलं आणि मग कुठे कॉलमचा टाइप बघायचं सुचलं. व्हारचार, म्हणजे आकडा नाही, मजकूर! घ्या.

मग डेटाबेसची बाजू पटायला लागली. आपणच त्याला सांगितलंय की बाबा रे ही अक्षरं आहेत, तर तो शब्दकोशासारखाच वाचणार ना. शब्दकोशात 'अगरबत्ती' 'घर'च्या आधी येते, शब्द किती लांब ते कोण विचारतं? तसंच इथे, पहिलं अक्षर एक, त्याचा आस्की कोड, म्हणजे कॉम्प्युटरने त्या अक्षराला दिलेला क्रमांक, ४९, समोर नऊ, त्याचा ५७, निकाल लागला, मागचे चार शून्य रांगेत उभे आहेत त्यांच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. म्हणून जुनी माणसं पुढे शून्य लावून ०९९९९ असं लिहायची, ते उगाच नव्हतं. आणि फोन नंबर टेक्स्टमध्येच हवा हेही खरं, दोन फोन नंबरांची बेरीज कोण करतं?

खरी गंमत व्हेअरमध्ये, म्हणजे क्वेरीत कुठली पावती हवी ती अट घालतो तिथे, आहे. टेक्स्ट कॉलमची तुलना आकड्याशी केली की पोस्टग्रेस नावाचा डेटाबेस सरळ नाही म्हणतो, २००८ च्या ८.३ व्हर्जनपासून त्याचं हे असंच, आणि मला तो फटकळपणा आवडतो. मी वापरतो तो डेटाबेस, मायएसक्यूएल, भलताच समजूतदार. '१२', '०१२', '१२अ' सगळे त्याला १२ च, आणि 'रद्द' म्हणजे शून्य! पण इतके सगळे १२ असू शकतात म्हटल्यावर इंडेक्सचा, म्हणजे पटकन शोधायला केलेल्या सूचीचा, काही उपयोग नाही, बिचारा अख्खं टेबल चाळत बसतो. आकड्याला दोन कोट, म्हणजे अवतरण चिन्हं, लावा, क्वेरी पळते. म्हणजे मी सर्व्हर स्लो आहे म्हणून इतके दिवस बोंब मारत होतो ती दोन कोटांसाठी.

शेवटी म्हटलं कॉलमच इंटिजर, म्हणजे पूर्णांकाचा, करून टाकू. तर एका रोवर, म्हणजे ओळीवर, अडकलं, ४०१२अ. कुणीतरी विसरलेली पावती मधे घुसवली असणार, आणि त्या एका 'अ'साठीच बहुतेक हा कॉलम टेक्स्ट झाला असणार. तो रो उडवायची काय माझी हिंमत झाली नाही. मॅक्सच्या आत कास्ट टाकलं, म्हणजे तेवढ्यापुरतं मजकुराला आकडा समज असं सांगितलं, १०००१ निघाली, लॅपटॉप बंद केला.