तुम्ही विचारलंत म्हणून: खालचा थर कशाला?

"एका थरात 0.12 ओहम इतका कमी रेझिस्टन्स येत असताना दोन थर कशाला?" प्रत्येक सेमिनारनंतर कुणीतरी हे विचारतंच. सीआयजीएस या पातळ थरांच्या सौर सेलसाठी काचेवर मॉलिब्डेनम धातू स्पटर करताना, म्हणजे आर्गॉन वायूच्या कमी प्रेशरमध्ये त्याचे अणू उडवून काचेवर बसवताना, मी आधी 10 मिलिटॉर प्रेशरला पातळ थर देते, मग 2 मिलिटॉरला जाड. खालच्याची रेझिस्टिव्हिटी वाईट, म्हणजे जास्त असते, ठाऊक आहे मला. तो वीज वाहायला नाही, काच धरून ठेवायला आहे.

मीही एकाच थराच्या बाजूची होते. कमी प्रेशरला आर्गॉनशी टकरा कमी, अणू जोर न गमावता येऊन बसतात, फिल्म दाट होते. एक मायक्रॉनला 0.12 ओहम पर स्क्वेअर, म्हणजे 12 मायक्रोओहम-सेंटिमीटर. फोर प्रोबवर, म्हणजे रेझिस्टन्स मोजायच्या यंत्रावर, तो आकडा दिसल्यावर मी तिथूनच सरांना फोन केला. ती दाट फिल्म आतून दाबलेलीही असते, हे वाचलं होतं. मनावर घेतलं नव्हतं.

मग सेलेनायझेशन, म्हणजे सेलेनियमच्या वातावरणात तापवणं, 550 अंशांना. सकाळी ट्यूब उघडली. चौदा काचा, आणि एकीवरही फिल्म धड नाही. कुठे फुगे, कुठे सुकलेल्या तळ्यातल्या गाळासारखे पोपडे, कडा वर वळलेल्या. चिमट्याने एक पोपडा उलटा केला. मॉलिब्डेनम आरशासारखं लखलखत होतं. जिथून ते सुटलं तिथली काच कोरी. थंड होताना काच मॉलिब्डेनमच्या जवळजवळ दुप्पट आकसते. आधीच दाबलेली फिल्म आणखी दाबली गेली आणि उठली.

"टेप टेस्ट केली होतीस ना?" सरांनी विचारलं. म्हणजे फिल्मवर टेप चिकटवून ओढायची, फिल्म सुटते का पाहायचं. मी हो म्हणाले. एकाच काचेच्या एका कोपऱ्यावर केली होती. त्याला हो म्हणत नाहीत.

तेव्हाची मी अजून भांडते: त्या आठवड्यात काचा नीट धुतल्या गेल्या नव्हत्या, मग दोष प्रेशरचा कशावरून? बरोबर आहे तिचं. स्वच्छ काचांवर तोच रन मी पुन्हा कधी घेतला नाही. मशीनचे तास मिळत नव्हते, आणि खरं सांगायचं तर धीरही नव्हता. स्कोफिल्ड आणि सहकाऱ्यांनी 1995 मध्ये दोन थरांचा उपाय मांडला होता, तो उचलला आणि फिल्म टिकली. पण थर बदलले की काचेतून वर येणारं सोडियमही बदलतं. सेल सुधारले त्यात चिकटण्याचा वाटा किती आणि सोडियमचा किती, मला वेगळं काढता आलेलं नाही.

नीट धुतलेल्या काचेवर 2 मिलिटॉरचा एकच थर टिकेलही. कुणी करून पाहणार असेल तर त्या चौदा काचांच्या सगळ्या नोंदी मी देते.