तुम्ही विचारलंत म्हणून: मी रिसेप्शनला का थांबत नाही

युद्धगुन्ह्यांचे, नरसंहाराचे खटले चालवणाऱ्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या सदस्य राष्ट्रांची वार्षिक सभा हेगला भरली की हा प्रश्न हमखास येतो. "मॅडम, पॅनलची चर्चा संपताच, नंतरच्या रिसेप्शनला न थांबता तुम्ही निघून गेलात. आम्हाला वाटलं होतं, दोन-चार जणांशी ओळख करून द्याल." कोणी मेसेज करतं, कोणी तोंडावर विचारतं. एका मुलाने मला शिष्ट म्हटल्याचं कानावर आलं. गेल्या वेळी एकीने तर माझंच जुनं वाक्य मला ऐकवलं: "पॅनलपेक्षा पॅनलनंतरची कॉफी महत्त्वाची, असं तुम्हीच आम्हाला शिकवलंत ना?"

शिकवलं. ते खोटंही नव्हतं.

या क्षेत्रात काम कसं मिळतं हे तुम्हाला माहीत आहे. हे न्यायालय ज्या कराराने उभं राहिलं त्या रोम संविधीत आपला देश नाही, म्हणून तिथल्या भरतीत सदस्य देशांच्या नागरिकांनंतर आपला विचार होतो. बचाव पक्षाच्या टीममध्ये कोण असावं हे मुख्य वकील ठरवतात, आणि ते ओळखीतल्या माणसालाच आधी विचारतात. एकेका देशातल्या गुन्ह्यांसाठी नेमलेली न्यायाधिकरणं तर कधीतरी बंद व्हायचीच असतात. रवांडाचं 2015 च्या अखेरीस संपलं, युगोस्लाव्हियाचं 2017 च्या, लेबनॉनचं 2023 च्या. दर वेळी अनुभवी माणसं एकदम मोकळी होतात आणि पुढच्या ठिकाणी एकमेकांना हाक मारतात. अशा ठिकाणी बाहेरून आलेल्या, फ्रेंच धड न येणाऱ्या मुलीने जाऊन स्वतःचं नाव सांगितलं नाही, तर तिला कोण विचारणार? ओळखी काढण्याला कमी लेखणाऱ्यांशी मी आजही भांडेन. बहुतेकदा त्यांच्या ओळखी आधीच झालेल्या असतात.

काहींचा समज असा, की दिवसभर सामूहिक कबरींबद्दल बोलून संध्याकाळी हातात ग्लास घेऊन हसणं मला सहन होत नाही. तसंही नाही. उत्खननाचे अहवाल वाचणाऱ्या माणसाला संध्याकाळी हसावंसं वाटलं, तर त्यात मला काही वावगं दिसत नाही.

मग कारण काय? आजवर मी "दमले होते", "ट्रॅम चुकली असती" असं काहीबाही सांगत आले. आता खरं सांगते.

तेव्हा मी एका न्यायाधिकरणात बचाव पक्षाच्या टीममध्ये होते. कोणत्या, ते सांगणार नाही. करार संपायला सहा आठवडे उरले होते आणि पुढचं काहीच ठरलेलं नव्हतं. सभेच्या जोडीने होणाऱ्या एका छोट्या कार्यक्रमाचा, साइड इव्हेंटचा, विषय होता न्यायालयातले दुभाषी. पॅनलनंतर मी एका ज्येष्ठ वकिलांजवळ जाऊन उभी राहिले. त्यांच्याकडे नवा खटला येणार होता, हे मी आधीच काढून ठेवलं होतं. भोवती पाच-सहा जण होते. बोलणं बोलीभाषांवर आलं. प्रत्येक जण एकेक किस्सा सांगत होता आणि ते लक्ष देऊन ऐकत होते. माझी पाळी आली.

मी आमच्या एका साक्षीदाराचा किस्सा सांगितला. नाव अर्थातच घेतलं नाही. त्या माणसाला न्यायालयात फक्त क्रमांक होता, पडद्यावर चेहरा धूसर केलेला असायचा आणि आवाज बदललेला. मी तीन वाक्यं बोलले. कोणती, ते इथे पुन्हा लिहिणं म्हणजे तीच चूक पुन्हा करणं, त्यामुळे एवढंच सांगते: पहिल्यावरून बोली कळत होती, दुसऱ्यावरून साधारण वय, तिसऱ्यावरून घरचा व्यवसाय. किस्सा रंगला. सगळे हसले, ते वकीलही हसले. "हे तू लिहून काढायला हवंस," असं ते म्हणाले तेव्हा मला काय आनंद झाला, तो मला अजून आठवतो, आणि आठवला की त्रास होतो.

माझ्या उजव्या हाताला उभ्या असलेल्या एका माणसाने शांतपणे विचारलं, "म्हणजे नदीच्या अलीकडची माणसं?"

मी म्हटलं, "नाही नाही, पलीकडची."

(नदी नव्हती. इथे ती मी घातली आहे.)

त्याने मान डोलावली, ग्लास टेबलावर ठेवला आणि तो निघून गेला. त्याच्या गळ्यातलं ओळखपत्र उलटं फिरलेलं होतं. तो पत्रकार होता, कुठल्या दूतावासातला होता, की एखादा अभ्यासकच होता, मला माहीत नाही. तिथे येणाऱ्या बहुतेकांना असला भूगोल पाठ असतो. त्याचा प्रश्न अगदी निरागस असू शकतो. गेली कित्येक वर्षं मी स्वतःला हेच सांगत आले आहे.

ज्येष्ठ वकिलांनी मला कार्ड दिलं. मी खुशीत बाहेर पडले. ट्रॅममध्ये तिसऱ्या की चौथ्या थांब्यावर तो प्रश्न पुन्हा कानात वाजला, आणि मी माझी वाक्यं एकापुढे एक मांडून पाहिली. बोली, वय, व्यवसाय, नदीची बाजू. त्या बाजूला तशी घरं किती असतील? मी मोजायला लागले आणि मध्येच थांबले, कारण उत्तर फार लहान येत होतं.

सकाळी आमच्या टीमच्या मुख्य वकिलांना सगळं सांगितलं. ते ओरडले नाहीत. शब्द नेमके काय होते आणि तिथे कोण कोण होतं, एवढंच त्यांनी विचारलं. दुसऱ्या प्रश्नाला माझ्याकडे धड उत्तर नव्हतं. त्यांनी माझ्याकडून टिपण लिहून घेतलं आणि ते साक्षीदारांच्या संरक्षणाचं काम पाहणाऱ्या विभागाकडे पाठवलं. पुढे काय झालं ते मला कळलं नाही आणि कळणं योग्यही नव्हतं. तो साक्षीदार नंतर कुठे गेला, त्याला घर सोडावं लागलं का, की काहीच घडलं नाही? संरक्षणाची व्यवस्था नीट चालते तेव्हा माझ्यासारखीला हे समजत नाही. माझा करार पुढे वाढला नाही. पैसे नव्हते असं सांगितलं गेलं, आणि ते खरंही असेल.

लोक समजूत घालतात, की अशा कार्यक्रमांना चॅटम हाऊस नियम असतो. असतो. कोण बोललं ते बाहेर सांगायचं नाही, ऐकलेली माहिती मात्र वापरता येते. म्हणजे त्या संध्याकाळी तो नियम मला वाचवत होता. ज्याच्याबद्दल मी बोलले, त्याच्यासाठी त्यात काही नव्हतं.

मी तेव्हा स्वतःशी वाद घालायचे, की हे काही गुन्ह्यात मोडत नाही. वोयिस्लाव शेशेल या सर्बियन नेत्याला 2009 मध्ये न्यायालयाच्या अवमानासाठी पंधरा महिन्यांची शिक्षा झाली, कारण त्याने पुस्तकात संरक्षित साक्षीदारांची ओळख उघड केली होती. तो जाणूनबुजून केलेला प्रकार, माझा केवळ बोलण्याच्या ओघात झालेला. केन्याच्या खटल्यांचंही मी असंच करायचे. 2014 च्या डिसेंबरात तिथले तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष उहुरू केन्याटा यांच्यावरचे आरोप मागे घेताना साक्षीदारांवर दबाव आल्याचं अभियोक्त्यांनी सांगितलं होतं. तो दबाव टाकणारे कोणी वेगळेच, मी त्यातली नव्हे. हे सगळं बरोबर आहे. पण दबाव टाकणाऱ्याला आधी पत्ता हवा असतो, आणि तो कुठूनतरी मिळतो.

आता सगळ्यात अवघड भाग. त्या कार्डावरचा फोन मी केला. दोन महिन्यांनी, भाडं थकल्यावर. त्यांना मी तो "किस्सा सांगणारी मुलगी" म्हणून लगेच आठवले. काम मिळालं. आज मी ज्या जागी उभी आहे, तिथवर येण्याचा रस्ता त्या संध्याकाळवरून जातो. त्यांना मी कधीच काही सांगितलं नाही. सांगायला हवं होतं असं कधी वाटतं. कधी वाटतं, सांगून मी माझाच भार हलका केला असता.

म्हणून मी थांबत नाही. मला माझी खात्री नाही. समोर मोठा माणूस असला आणि मला त्याच्या नजरेत यायचं असलं, की माझ्याजवळ देण्यासारखं काय असतं? कामातलं जे पाहिलं-ऐकलं, तेच. कायद्याबद्दल बोलावं म्हटलं, तर माझ्याहून चांगलं बोलणारे तिथे पुष्कळ असतात.

पण तुम्ही जाऊ नका असं मला म्हणता येत नाही. ओळख हवी असेल तर मी ईमेलवर करून देते, हे तुमच्यापैकी काहींना माहीत आहे. ईमेलवरची ओळख समोरासमोरच्या ओळखीइतकी कामाला येत नाही, हेही मला माहीत आहे.

मागच्या सभेत एक मुलगी माझ्यामागे दारापर्यंत आली. तिचा करार महिन्याभरात संपत होता. "मी थांबू का?" तिने विचारलं. मी म्हटलं, थांब. ती आत गेली. मी कोट चढवला आणि तासभर बाहेर थंडीत उभी राहिले. ती आली. काय काय बोललीस, मी विचारलं. ट्रॅम येईपर्यंत ती सांगत होती आणि मी तिचं एकेक वाक्य तपासत होते.