दीड एकर आणि आम्ही तिघं

अण्णांनी 1978 साली मंगळवेढ्याच्या काळ्या रानात सहा एकर घेतलं. ते गेले तेव्हा मृत्युपत्र नव्हतं. सातबाऱ्यावर आई, दादा, मी आणि धाकटा अशी चार नावं लागली. हिशोबाने प्रत्येकी दीड एकर, पण वाटप झालेलं नाही, सगळं सामाईक.

भाऊबीजेला ओवाळून झालं आणि धाकट्याने सांगितलं, "अक्का, माझा हिस्सा विकतोय. 21 लाख. इसारही घेतलाय." पुण्याच्या फ्लॅटचे हप्ते थकलेत त्याचे. दादा काही न बोलता चपला घालून रानात निघून गेला.

रात्री आल्यावर तो म्हणाला, "मी घेतो. पंधरा देतो, दोन वर्षांत." मी म्हणाले, मीही घेणार, अठरा, रोख. निवृत्तीचे पैसे आहेत माझ्याकडे. दादाने माझ्याकडे असं पाहिलं की मी परकीच कोणी आहे. अण्णा गेल्यावर हक्कसोड पत्रावर सही कर म्हणून मला तीनदा सांगण्यात आलं होतं. मी केली नाही, तेव्हाही तो असाच बघत होता.

सोलापूरला वकिलांकडे आम्ही दोघं एकाच एसटीने गेलो. त्यांनी हिंदू वारसा कायदा, 1956 चं कलम 22 वाचून दाखवलं. मृत्युपत्र न करता गेलेल्या माणसाची स्थावर मालमत्ता पहिल्या वर्गाच्या वारसांकडे, म्हणजे बायको-मुलं-मुली अशा जवळच्यांकडे, आली आणि त्यातल्या एकाला आपला हिस्सा विकायचा असेल, तर तो घेण्याचा पहिला हक्क बाकीच्या वारसांचा. खरेदीदाराचा माणूस छातीठोकपणे सांगत होता की शेतजमिनीला हे लागत नाही. पण हिमाचलमधल्या एका खटल्यात सुप्रीम कोर्टाने 2019 मध्ये स्पष्ट केलंय, शेतजमिनीलाही लागतं. तिऱ्हाइताने 21 कबूल केले म्हणून आम्हीही तेवढेच मोजायचे असं नाही. किंमतीवर एकमत नसेल तर ती कोर्ट ठरवतं. मात्र ठरलेल्या किंमतीला घ्यायची तयारी नसेल, तर अर्जाचा खर्च मागणाऱ्याच्या डोक्यावर बसतो.

बांधाचा शेजारी म्हणत होता, पहिला हक्क माझा. त्याच्या डोक्यात तुकडेबंदीचा कायदा: ठरलेल्या किमान मापाहून, म्हणजे प्रमाणभूत क्षेत्राहून, लहान तुकडा बांधाच्या शेजाऱ्यालाच विकायचा. जिरायतीचं प्रमाणभूत क्षेत्र आता 20 गुंठे आहे, आमचा हिस्सा 60 गुंठ्यांचा. त्याचा विषय तिथेच संपला.

मग दादाने विचारलं, "आणि आम्ही दोघांनीही मागितलं तर?" वकील म्हणाले, "जो जास्त देईल त्याचा."

दादाचे हात टेबलावर होते. बोटांच्या पेरांना भेगा, त्यात बसलेली काळी माती धुऊनही जात नाही. पंचवीस वर्षं मालदांडी ज्वारी पेरलीय त्या हातांनी. त्या कलमात कसणाऱ्यासाठी एक शब्द नाही. मला ते टोचलं, अजून टोचतंय. पण माझा हक्क सोडायचं माझ्या मनात नाही. मुलगी म्हणून मला ह्या रानातलं काही मागता येतं, हे आमच्या घरात पहिल्यांदाच कोणी मोठ्याने म्हटलं होतं, आणि तेही काळा कोट घातलेल्या परक्या माणसाने.

घरी आल्यावर आईला सगळं सांगितलं. ती शेंगा फोडत होती. मान वर न करता म्हणाली, "मग माझा बी हक्क आहे की. मला कुणी विचारलं?" खरंच आहे. तीही पहिल्याच वर्गाची वारस. चार नावांत तिचं नाव सगळ्यात वर आहे, आणि आम्ही तिघांनी तिला धरलंच नव्हतं.

धाकट्याला आम्ही आई, दादा आणि मी अशा तिघांच्या सहीची नोटीस पाठवलीय. इसार परत करून आधी आमच्याशी बोल, एवढंच लिहिलंय. त्याचा राग मला कळतो, हप्ते काही थांबत नाहीत.

काल दादाचा फोन आला. हुरडा आलाय, रविवारी ये म्हणाला. किंमतीचं त्याने काढलं नाही, मीही काढलं नाही. रविवारी पहिल्या एसटीने निघतेय. शेंगाचटणी कुटून ठेवलीय.