क्रोशाची सुई अन् सायकलची ट्यूब

पऱ्हाटीत कापूस वेचून बोटं आधीच चिरलेली, त्यात भाचीच्या बाळंतविड्याचं दुपटं क्रोशानं विणायचं अंगावर घेतलं. सासूबाईंची स्टीलची सुई घरात होती, पण ती तोरणाच्या बारीक दोऱ्याची; लोकर तिच्यात मावेना. दिग्रसच्या बाजारातून ४ मिलिमीटरची ॲल्युमिनियमची सुई आणली. सात-आठ ओळी झाल्या की अंगठ्याच्या बुडाशी कळ निघायची.

पुतण्यानं मोबाइलवरून रबरी मुठीच्या सुया मागवून दिल्या. मूठ मऊ होती, खोटं कशाला बोलू. पण सुईच्या टोकाला जो वाकडा आकडा असतो, त्याच्या कडेला साच्याची रेघ राहिलेली, खांब म्हणजे उंच टाका घालताना दर वेळी लोकरीचा एक पदर अडकायचा. आता नवीन सुई घेतली की आकड्यावरून नख फिरवून बघते. नख अडलं तर लोकरही अडते.

दुखणं मात्र तसंच. मोठ्या जाऊबाई शेजारी तूर निवडत बसल्या होत्या. बराच वेळ माझा हात बघून म्हणाल्या, "सुईले काऊन नावं ठेवते वं? टाका तर गयातच आवयते तू."

खरंच होतं. सुईचा नंबर म्हणजे दांडीची जाडी. आकड्याखालचा गळा त्याहून बारीक. मी टाका गळ्यातच ओढून घ्यायची, दांडीपर्यंत नेतच नव्हती. टाका आवळला की पुढच्या ओळीत सुई आत घालायला जोर, अन् तो सगळा जोर अंगठ्यावर.

मग ती साधी सुईच पुन्हा काढली. दांडी बारीक असली की माणूस ती जास्तच दाबून धरतो, म्हणून सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून मधोमध गुंडाळली, पेनासारखी धरता येईल इतकी जाड. आकड्याकडे दोन बोटं दांडी मोकळी ठेवली, टाक्यांना जागा पाहिजे ना! दुसऱ्या दिवशी पांढऱ्या लोकरीवर काळे डाग. ट्यूबवर लुगड्याची चिंधी चढवली, दोऱ्यानं शिवली.

आता तासभर विणलं तरी कळ येत नाही. फक्त दुपट्याच्या पहिल्या पंधरा ओळी आखडलेल्या अन् पुढचं सगळं सैल, रुंद. उसवायचा धीर नव्हता. भाचीला सांगितलं, ती बाजू पायाकडे घे.