शिशाच्या चकतीनं खाल्लेले पाच महिने

"पॉलिश कशावर केलंय?" माझ्या खडकांच्या स्लाइडींबद्दल हा प्रश्न मला वेळेत कुणी विचारला असता, तर हे लिहायची वेळच आली नसती.

माझ्या पीएचडीचे खडक मनसर-रामटेकच्या बाजूचे. सौसर नावाच्या खडकांच्या पट्ट्यातला मायका शिस्ट, म्हणजे अभ्रकाचा पापुद्र्यांचा खडक, त्यात गार्नेट या खनिजाचे दाणे. शेजारीच मॅंगनीजच्या खाणी आणि तो गोंडाइट हा मॅंगनीजवाला खडक, ज्याला ब्रिटिश भूवैज्ञानिक फर्मोर साहेबांनी गोंडांवरून नाव दिलं. माझा शिस्ट मुळात गाळ-चिखल. तो खोल गाडला जाऊन कधी तापला, कधी दबला, एवढंच मला शोधायचं होतं. फिल्डवर्क, नमुने, स्लाइडी (काचेवर चिकटवून घासलेले खडकाचे पातळ काप), सगळं सुरळीत झालं.

घड्याळ म्हणून मोनाझाइट हे खनिज निवडलं: थोरियम-युरेनियमचं ठरावीक गतीनं शिसं होत जातं, त्यावरून वय निघतं. झिरकॉन हे नेहमीचं घड्याळ-खनिज चिवट, पण अशा शिस्टमध्ये त्याचा गाभा बहुतेकदा जुन्या वाळूबरोबर वाहून आलेला असतो. वय निघतं ते त्या वाळूच्या मायबाप खडकाचं. मोनाझाइट मात्र खडक तापताना नव्यानं वाढतो. थोरियम-युरेनियम भरपूर घेतो, शिसं जवळजवळ घेत नाही, त्यामुळे आज सापडणारं शिसं आतच तयार झालेलं, असं धरता येतं. कण कुठे शोधायचे? बायोटाइटमध्ये, म्हणजे काळ्या अभ्रकात, काळं वलय दिसलं की मध्ये काहीतरी किरणोत्सारी बसलंय. झिरकॉनलाही असंच वलय असतं, म्हणून खात्री प्रोबवरच, म्हणजे इलेक्ट्रॉनचा झोत टाकून कणात कोणती मूलद्रव्यं किती ते मोजणाऱ्या यंत्रावर.

आणि प्रोब म्हणजे फॉर्म. आमच्याकडे ते यंत्र नाही, दुसऱ्या संस्थेत जायचं होतं (नाव लिहीत नाही, पुढच्या वर्षी परत जायचंय). गाइडची सही, विभागप्रमुखांची सही, शिक्का. शिक्का चौकटीबाहेर गेला म्हणून पहिला फॉर्म परत. पैसे भरल्याच्या पावतीची झेरॉक्स एकच जोडली, दोन हव्यात म्हणून दुसरा परत. नमुना स्फोटक आहे का? विषारी आहे का? चुंबकीय आहे का? आजोबांचं नाव तेवढं विचारायचं राहिलं होतं. पण स्लाइड कशावर घासली, यासाठी एक रकाना नव्हता.

अखेर तारीख मिळाली. रात्रीची रेल्वे, पर्समध्ये सहा स्लाइडी, मांडीवर पर्स. कार्बनचा लेप चढला, स्लाइड आत गेली, पडद्यावर करड्या रंगात गार्नेट उमटला. त्यातल्या भेगांमधून केसासारख्या पांढऱ्याशुभ्र रेघा. जड मूलद्रव्य जास्त असेल तिथे हे चित्र उजळ दिसतं, म्हणून मी खुशीत म्हटलं, "सर, मोनाझाइट!" यंत्र चालवणाऱ्या तिथल्या सरांनी एका रेघेवर बिंदू टेकवला. मोनाझाइट हा फॉस्फेट, पण फॉस्फरसचा पत्ता नाही. थोरियमही नाही. नुसतं शिसं.

"पॉलिश कुठे केलंय?"

तिथूनच आमच्या सेक्शन-कटिंगच्या काकांना फोन लावला. "शिशाच्या प्लेटवर, ताई. मॅंगनीजच्या स्लाइडी आपण कायम तिच्यावरच करतो. चकाकी बघितली का?"

चकाकी बघितली होती. खनिज ओळखायला ती उत्तमच. पण घासताना प्लेटचं शिसं भेगांत शिरलं होतं, आणि माझा हिशेब बघा. कणात ५ टक्के थोरियम असेल, तर त्यापासून १०० कोटी वर्षांत शिसं जमतं जेमतेम ०.२३ टक्का. त्यात ०.०५ टक्का बाहेरचं मिसळलं की वय तब्बल २० कोटी वर्षांनी वाढतं. माझ्या मोनाझाइटलाही भेगा होत्याच. सर म्हणाले, वाटलं तर मोजून देतो, पण त्या आकड्यावर माझा विश्वास नसेल. माझाही नसता. दुपारी तीनला मी बाहेर पायरीवर बसून थंड झालेला वडापाव खात होते. पुढची तारीख? पाच महिन्यांनी. आणि नवा फॉर्म!

चूक काकांची नव्हती, त्यांना मी सांगितलंच नव्हतं. मला कुणी सांगितलं नव्हतं. पण ज्यांच्याकडे दरमहा असे नमुने येतात, त्यांना फॉर्मवर एक ओळ वाढवायला काय हरकत होती, हे मला आजही कळत नाही.

स्लाइड कापून उरलेले तुकडे मी टाकले नव्हते, म्हणून वाचले. तुम्हीही टाकू नका. नव्या स्लाइडी कापडावर, हिऱ्याच्या पेस्टनं केल्या: ६ मायक्रॉन, ३, १, शेवटी पाव. दोन दिवस काकांच्या शेजारी स्टूल टाकून बसले. पेस्ट बदलताना स्लाइड आणि हात दोन्ही धुवा, नाहीतर मागचे जाड कण पुढच्या कापडावर येतात.

दुसऱ्या खेपेला पांढऱ्या रेघा नाहीत. लगेच वय मोजायची घाई झाली होती, सरांनी अडवलं: आधी यिट्रियमचा नकाशा, म्हणजे हे मूलद्रव्य कणात कुठे किती आहे त्याचं चित्र. वेळ खातो, पण खरी गोष्ट त्यातच असते. गार्नेट वाढताना यिट्रियम ओढून घेतो, म्हणून त्याच्यानंतर वाढलेल्या मोनाझाइटमध्ये ते कमी. गार्नेट विरघळायला लागला की ते सुटतं आणि मोनाझाइटच्या कडेला जमतं. माझ्या एका चाळीस मायक्रॉनच्या कणाला अशी कड स्वच्छ दिसली. मग गाभ्यात वेगळे बिंदू, कडेला वेगळे. सरसकट टिपके मारून सरासरी काढली असती, तर खडकाच्या आयुष्यात कधीच न घडलेल्या घटनेची तारीख हाती आली असती. यिट्रियमची एक क्ष-किरण रेषा शिशाच्या रेषेवर चढते, ती दुरुस्ती केलीय ना, हेही विचारून घ्या. मी विचारलं. आता सगळंच विचारते.

आकडे १०० कोटी वर्षांच्या आगेमागे आले. काकांना सांगितलं, तर म्हणाले, "मग पाच महिन्यांचं काय घेऊन बसलात, ताई?"

आणि हो, स्लाइडचा नंबर मार्करनं लिहू नका. लेप काढताना पुसला जातो. काचेवर कोरून घ्या.