तीस

खटाव तालुक्यातल्या आमच्या घराची मागची भिंत पाडायला काढली, तेव्हा माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली आली. झाकणावर पांढऱ्या रंगात आजोबांचा पलटणीतला नंबर, आत एक खाकी लोकरी मफलर, डिस्चार्ज बुक, फितीसकट दोन पदकं आणि मेणकापडात बांधलेली ३१ पत्रं. चुलतभाऊ ओरडला, "आज्जाची लव्ह लेटर्स!" आणि आम्ही सगळे हसलो. आजोबांना ज्यांनी पाहिलं होतं त्यांना हसू येणारच. आजीला त्यांनी नावाने तर सोडाच, ‘ऐकलं का’ म्हणूनही कधी हाक मारली नाही. नुसते खाकरायचे. एकदा खाकरले की पाणी, दोनदा खाकरले की चहा. इतकी वर्षं संसार झाला तो या दोन खाकरण्यांवर.

पत्रं माझ्याकडे आली, कारण दुसऱ्या कुणाला ती नको होती. सगळी मोडी लिपीत. चुलत्यांनी पदकं घेतली. त्यातलं एक ‘इटली स्टार’ होतं, म्हणजे आजोबा नेमके कुठे होते एवढं तरी कळलं. तोवर घरात ‘आज्जा जर्मनच्या लढाईत होता’ एवढीच माहिती होती.

पहिलं नुकसान आमच्या हातूनच झालं. धाकट्या काकांनी दोन पत्रं प्रेमाने लॅमिनेट करून आणली. आजोबांनी लिहिलंय शाईपेन्सिलीने, म्हणजे टोकाला थुंकी लावली की जांभळी उमटते ती. ८० वर्षांचा दमट कागद, त्यात मशीनची उष्णता. एका पत्राच्या घडीवरची जांभळी शाई पसरून प्लॅस्टिकच्या आत कायमची बसली. तुमच्याकडे अशी पत्रं असतील तर कृपा करून लॅमिनेट करू नका, चिकटलेल्या घड्या पाण्याच्या वाफेवर सोडवू नका आणि सेलोटेप तर दाखवूसुद्धा नका. मी बाकीची २९ पत्रं खिडकीजवळ, पण उन्हात नाही अशा जागी ठेवून मोबाइलवर फोटो काढले. पुढचं सगळं वाचन फोटो मोठे करून. मूळ कागदांना नंतर फारसा हात लावला नाही.

मग एका मोडी जाणकारांना पत्रं दाखवली. माणूस भला. दोन आठवड्यांनी त्यांनी तीन पत्रांचं लिप्यंतर दिलं आणि बाकीच्यांवर एका ओळीचा शेरा: ‘घरगुती पत्रे. खुशाली, पैसे, बैल. विशेष मजकूर नाही.’ तीनही पत्रं पणजोबांना लिहिलेली. तीर्थस्वरूप दादांचे सेवेशी शिरसाष्टांग नमस्कार, इकडील क्षेम, तिकडील क्षेम कळवावे. माझा विरस झाला हे कबूल करते. त्यातल्या एका ओळीने मात्र डोक्यात भुंगा सोडला. ‘मनिऑर्डरीपैकी ३०, लुगडे घेणे.’ शिपायाच्या त्या वेळच्या पगारात ३० रुपयांचं लुगडं? आमचे पणजोबा बैलाची वेसणसुद्धा उधारीवर आणायचे म्हणे. मला हे काही पटेना.

म्हणून मोडी शिकायला बसले. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात मोडीचे वर्ग भरतात, पुराभिलेख खात्यातर्फेही होतात. अक्षरओळख पंधरा दिवसांत होते. पण ओळख म्हणजे मैत्री नव्हे. मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि अक्षरं तिला लटकवत जायची. वेलांटी एकच, उकार एकच, ऱ्हस्व-दीर्घाचा प्रश्न निकालात. दोन शब्दांत जागा नाही, पूर्णविराम नाही. शब्द कुठे तोडायचा ते लिहिणाऱ्याला ठाऊक आणि वाचणाऱ्याच्या नशिबात. वर्गात आम्हाला शिकवायला होते पेशवाईतले बोरूने लिहिलेले घोटीव कागद. आणि आजोबांचं अक्षर म्हणजे चौथी पास झालेल्या, मांडीवर पत्र्याचा तुकडा ठेवून लिहिणाऱ्या माणसाचं. ‘ध’चा ‘मा’ सगळ्यांना माहीत असतो. माझा पराक्रम त्याहून साधा. ‘आजचा रदिवस’ म्हणजे काय म्हणून मी दोन शब्दकोश धुंडाळले. ते ‘आज चार दिवस’ होतं.

सात महिने लागले. रात्री जेवणं झाली की एक पत्र, कधी अर्धंच.

तारखांनी वेगळाच घोळ घातला. पत्रात जागेचं नाव लिहायला बंदी होती. प्रत्येक पाकिटावर सेन्सॉरचा शिक्का आणि कुणा साहेबाची सही, पत्त्यात नुसता फील्ड पोस्ट ऑफिसचा नंबर आणि ‘सी.एम.एफ.’, म्हणजे सेंट्रल मेडिटरेनियन फोर्स. आजोबा इंग्रजी तारीख क्वचितच घालत. त्यांचं सगळं तिथीवर. कार्तिक वद्य, शके १८६५. मी जुनी पंचांगं घेऊन बसले आणि हळूहळू ते इटलीच्या नकाशावर चालायला लागले. डिस्चार्ज बुकात १/५ मराठा, म्हणजे पाचव्या मराठा रेजिमेंटची पहिली बटालियन, जंगी पलटण. ती आठव्या भारतीय डिव्हिजनमध्ये होती आणि ही डिव्हिजन सप्टेंबर १९४३मध्ये तारांतो बंदरात उतरली. कार्तिक वद्य म्हणजे त्याच नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा, सांग्रो नदीची लढाई. पावसाने नदीला पूर, बांधलेले पूल वाहून गेलेले, गुडघाभर चिखल. आजोबा लिहितात: ‘येथे चिखल फार. आपले ओढ्याकडील रानासारखा. खेचरे बरी आहेत.’ बस. एवढ्यात सांग्रो संपली.

लढाईबद्दल ते कधीच लिहीत नाहीत. आधी मला हे सेन्सॉरच्या भीतीने वाटायचं. पण चैत्र शुद्ध १८६७चं, म्हणजे एप्रिल १९४५च्या मध्याचं पत्र वाचलं आणि मत बदललं. ९ एप्रिलला सेनियो नदीवर याच पलटणीच्या शिपाई नामदेव जाधवांनी जखमी साथीदारांना पाण्यातून, सुरुंगांच्या पट्ट्यातून उचलून आणलं आणि मग एकट्याने मशिनगनची ठाणी बंद पाडली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आजोबा तिथेच होते. त्यानंतर आठवडाभरात लिहिलेलं त्यांचं पत्र सगळ्यात छोटं आहे. ‘मी खुशाल आहे. पाडवा केला. गुढीस लुगडे नव्हते, टॉवेल बांधिला. तीस सांगणे.’

इथे मी थांबले. तीस सांगणे.

रात्रीचे साडेअकरा वाजले होते. आधीचे सगळे फोटो पुन्हा उघडले. आजोबा रक्कम नेहमी आकड्यात लिहितात. रुपये १५, रुपये १२. बैलांचं वय आकड्यात, फील्ड पोस्टाचा नंबर आकड्यात. अक्षरी रक्कम त्यांनी ३१ पत्रांत कुठेही लिहिलेली नाही. आणि ‘तीस’ मात्र जवळजवळ प्रत्येक पत्रात, शेवटून दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत. ‘तीस सांगणे.’ ‘तीस दम लागत असल्यास पाणी दुसऱ्याने आणावे.’ ‘तीस माहेरी जाऊ द्यावे, परंतु लवकर आणावे.’ आकडा नव्हताच तो. तिला. जुन्या वळणाचं ‘तीस’. ३० रुपयांचं लुगडं नव्हतं, तिला लुगडं होतं.

मी आजीचं नाव शोधत होते ना, ते मिळणारच नव्हतं. वडिलांना लिहिलेल्या पत्रात बायकोचं नाव घालायचं म्हणजे चारचौघांत तिचा पदर ओढण्यासारखं. आजीला वाचता येत नव्हतं, त्यामुळे तिला वेगळं पत्र नाही. जे काही सांगायचं ते साहेब वाचणार, मग वाचून दाखवणारा वाचणार, मग सासरा ऐकणार. या तिघांच्या नाकासमोरून न्यायचं. त्या गर्दीतून जाईल एवढाच लहान शब्द त्यांनी निवडला.

एका पत्राला मधोमध चौकोनी खिडकी आहे. सेन्सॉरने कात्रीने काहीतरी कापलंय, बहुधा एखाद्या गावाचं नाव. कागद दोन्ही बाजूंनी लिहिलेला. मागच्या बाजूला त्या खिडकीच्या डाव्या काठावर ‘तीस’ आहे आणि उजव्या काठावर ‘असे वाटते’. मधलं त्या साहेबाच्या कचऱ्याच्या टोपलीत गेलं. इतक्या वर्षांनी मला त्या अनोळखी माणसाचा राग येतो, हे हास्यास्पद आहे. पण येतो.

लुगड्याचं पत्र मात्र पुन्हा वाचलं तेव्हा कुठे उलगडलं. तिथी श्रावण शुद्ध पौर्णिमा, शके १८६६, म्हणजे ऑगस्ट १९४४चा पहिला आठवडा. त्यात हा मजकूर: ‘येथे एका मोठे वाड्यात तसबिरी भिंतीस टेकवून ठेविल्या आहेत. आम्ही राखण करितो. एका तसबिरीत फुलांचे लुगडे नेसलेली बाई उभी आहे. मनिऑर्डरीपैकी तीस लुगडे घेणे. फुलांचे मिळाल्यास उत्तम.’

फ्लॉरेन्सच्या उफिझी संग्रहालयातली चित्रं बॉम्बपासून वाचवायला आसपासच्या वाड्यांत हलवली होती. त्यातल्या मोंतेगुफोनीच्या वाड्यात त्या जुलैअखेर आठव्या डिव्हिजनचे मराठा जवान पोचले, आणि तिथे बोत्तिचेल्लीचं ‘प्रिमावेरा’ होतं. त्या चित्रात उजवीकडे एक बाई आहे, अंगभर फुलांचं वस्त्र ल्यालेली. मी ओढूनताणून जुळवत असेन. चित्रं शेकडो होती आणि फुलांचे कपडे घातलेल्या बायका इटलीच्या चित्रांत काही कमी नाहीत. तरीही मी ‘प्रिमावेरा’चा फोटो मोबाइलवर घेऊन साताऱ्याला गेले, आक्काआजीकडे.

आक्काआजी म्हणजे आजोबांची धाकटी बहीण. वय ९१. पत्रं यायची तेव्हा ती दहा-अकरा वर्षांची होती. मी तिला ‘तीस’ सांगायला सुरुवात केली आणि तिने मला मध्येच तोडलं.

"आगं, त्ये सगळ्या गावाला म्हाईत हुतं. मास्तर वट्ट्यावर बसून वाचायचं. दादा हुबं, पोरं हुबी. वैनी उंबऱ्याच्या आत. मास्तर ‘तीस’पाशी आलं की जरा दमानं घ्यायचं. मग आतनं बांगड्या वाजायच्या. वाजल्या की फुडं वाचायचं."

"म्हणजे?"

"म्हंजी आयकलं म्हून."

मी सात महिने घालवून जे शोधलं ते एका अख्ख्या गावाला तोंडपाठ होतं. घ्या.

लुगड्याचं विचारलं. "कापाड कंट्रोलात. फुलांचं कुठनं मिळायला? दादांनी सादं हिरवं आणलं. वैनीनं त्ये कितींदा दांड घालून नेसलं." मोबाइलवरचं चित्र तिने डोळ्यांजवळ धरून पाहिलं आणि म्हणाली, "ही बाई पोटुशी हाय का गं?" चित्रातल्या बाईंबद्दल एवढं बोलून तिने मोबाइल परत दिला.

एक गोष्ट मात्र आक्काआजीलाही ठाऊक नव्हती, किंवा ठाऊक असून ती दडवत होती. एकोणिसाव्या पत्रात आजोबा लिहितात, ‘मागील पत्रास हळदीचे बोट लागले होते. ते कोणाचे ते लिहावे.’ घरून गेलेली पत्रं एकही उरलेली नाहीत, त्यामुळे त्या बोटाला साक्षीदार नाही. मी विचारलं तर म्हणाली, "लागली आसंल सैपाकाच्या हातानं. न्हाय तर मास्तरानं शुभ म्हून लावली आसंल. तू बी काय धरून बसलीस!" हसत मात्र होती.

विसाव्या पत्रात, तब्येत, खेचरं आणि थंडी यांच्या खाली: ‘हळद पोहोचली. आणखी येऊ द्यावी.’

"ह्ये आठवतंय मला," आक्काआजी एकदम म्हणाली. "दादांनी मास्तराकडनं आयकलं आन् म्हणालं, पोराला हळद पायजे, लागलं-बिगलं आसंल. शेरभर हळद कुटून घेतली, फडक्यात शिवली, वर पत्ता घालून पारसल केलं. वैनीच कुटत हुती. कुटताना हासत हुती, आन् आये तिला म्हणाली, येडी झालीस का."

घरी येऊन मी एकविसावं पत्र काढलं. ते सर्वांत आधी वाचलेल्यांपैकी, तेव्हा त्याचा अर्थ लागला नव्हता म्हणून बाजूला टाकलेलं. घडीवर अजून पिवळट छटा आहे. ती हळदीची की जुन्या कागदाची ते सांगता येणार नाही. नमस्कार, क्षेम, बैलाची चौकशी. मग एक ओळ: ‘हळदीची पुडी पोहोचली. पलटणीत वाटली, जखमेस गुण आला. तीस सांगणे की पूर्वीची बरी होती.’